जन्मतारखेची मर्यादा आणि कर्णिक मॅडम

सुधा कर्णिक मॅडमशी माझी ओळख नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत झाली. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. मॅडमनी विचारले, "फेब्रुवारीची तीस तारीख आली, तर प्रोग्रॅमने काय करावे?"

"नाकारावी."

"आणि मग?"

त्या 'मग'चा अर्थ मला कळला नाही. आजही पुरता कळला आहे, असे छातीठोकपणे सांगवत नाही.

तारखा आणि वेळा तपासणाऱ्या तयार फंक्शनांची लायब्ररी मॅडम लिहीत होत्या. जन्मतारखेची मर्यादा ठरवायचे काम त्यांनी मला दिले. आमच्याकडे वर्षे १९०० पासून मोजली जात, म्हणून त्याआधीची प्रत्येक तारीख मी चुकीची ठरवली. मॅडमनी ते तपासून मान्य केले.

पुढे ठाण्याच्या एका रुग्णालयाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची यादी आमच्या प्रोग्रॅमवर केली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या एका आजींना तिथून दोनदा परत पाठवले गेले. शेवटी त्यांचा साठीतला मुलगा पत्ता काढत आमच्याकडे आला.

"नाव दिलेलं आम्ही. मग यादीत का नाय?"

आजींचा जन्म १८९६चा. प्रोग्रॅमने त्यांची नोंद गुपचूप गाळली होती. मी पार गोंधळलो. "मॅडम, तारीख चूक की मर्यादा?"

"ते नंतर बघू. आधी ठाण्याला चल."

डॉक्टरांपुढे मॅडम म्हणाल्या, "चूक माझी आहे." मी बोलणार, तोच त्यांनी मला नजरेने गप्प केले. आजींचे नाव यादीत हाताने लिहवून घेतले, मगच उठल्या. परतल्यावर फंक्शन बदलले. जुनी तारीख आता गाळली जाणार नव्हती. खात्री करण्यासाठी माणसापुढे येणार होती. जन्मतारीख आजच्या पुढची नसावी, एवढीच मर्यादा त्यांनी पक्की ठेवली.

आजींना दिसू लागल्यावर आम्हाला जेवायचे बोलावणे आले. मॅडमचा चेहरा निरखत आजींनी विचारले, "मला गाळली ती तूच का?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

आजींनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. आम्हाला माफी मिळाली की नाही, ते मला कळेना. जेवण मात्र मी पोटभर केले.

दोष स्वतःवर का घेतलात, असे मी बऱ्याच वर्षांनी विचारले. "तपासले मीच होते ना," एवढेच त्या म्हणाल्या.

मॅडम यंदा साठीत प्रवेश करत आहेत. त्यांना निरामय दीर्घायुष्य लाभो. आणि गोंधळलो की डोंबिवलीला त्यांचे दार ठोठावण्याची मुभा आम्हाला अजून खूप वर्षे राहो.