रिसोडहून आलेला प्रशिक्षक
चामड्याच्या चेंडूला लावायचे त्या जवसाच्या तेलाचा वास आला, की छप्पनच्या आधी वाशीम मध्यप्रदेशात होतं तेव्हाचा फुटबॉलचा एक सामना आठवतो. रिसोडकडून हरलो असतो, तर आमचा संघ खालच्या गटात गेला असता. त्यातच आम्हाला नवा प्रशिक्षक मिळाला, तोही रिसोडचाच. त्यानं आमचा जुना गोलकीपर बाहेर बसवला, तेव्हा कप्तान कुजबुजला, "हा आपल्याले बुडवाले आला." मध्यंतरात प्रशिक्षक रिसोडच्या खेळाडूंजवळ उभा दिसला. कप्तान चोरपावलांनी ऐकायला गेला आणि उतरल्या चेहऱ्यानं परतला. "ते त्याले गद्दार म्हणून राह्यले," तो म्हणाला. मग आम्ही जीव तोडून खेळलो, एका गोलानं वाचलो. सगळे प्रशिक्षकाला खांद्यावर घ्यायला धावले; मी मात्र त्या 'गद्दार' शब्दाचा विचार करत मागंच थांबलो. त्यानं आपलं गाव का सोडलं, हे मला आजही कळलेलं नाही.