कोबोलची हिरवी ओळ

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मानपाड्याला एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो, ठाणे, डोंबिवली आणि कल्याण अशा तीन ठिकाणी कॉम्प्युटरचे क्लास चालवायचे. मुलं ज्यात प्रोग्रॅम टाइप करायची तो एडिटर आमचाच होता, मी लिहिलेला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. दोन वर्षं तो निमूट चालला होता.

मग साहेब कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि तिथे त्यांनी रंगीत एडिटर पाहिला. आपण प्रोग्रॅम टाइप करत जातो आणि त्यातले भाषेचे ठरलेले शब्द आपोआप रंगीत होत जातात. आठवड्याभरात तिन्ही क्लासला कलर मॉनिटर आले आणि साहेब माझ्या टेबलापाशी.

"अगं, आपल्यातही करून टाक. चार शब्द रंगवायचेत, त्यात काय एवढं?"

रंगही त्यांनीच ठरवले. भाषेचे शब्द लाल, कमेंट हिरवी. कमेंट म्हणजे प्रोग्रॅममध्ये माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप. मशीन ती सोडून देतं.

सी भाषेचे शब्द जेमतेम तीस-बत्तीस. ते मी चार दिवसांत बसवले आणि तिथेच चूक केली. सगळे शब्द, सगळे नियम मी एडिटरच्या पोटातच कोंबले. एकच भाषा आहे, कशाला वेगळं काही करा, असा विचार. पुढच्याच सोमवारी साहेबांना पास्कल हवं झालं. सीमध्ये महिरपी कंस उघडला की कामाला सुरुवात होते. पास्कलमध्ये तोच कंस उघडला की कमेंट सुरू होते. मी पास्कल बसवलं आणि सीचे सगळे प्रोग्रॅम पहिल्या कंसापासून शेवटपर्यंत हिरवेगार झाले. ते निस्तरायला दोन आठवडे गेले. ते संपतंय तोवर साहेब म्हणाले, कल्याणला कोबोल शिकवतात, तेही घे.

कोबोलने माझा जीव काढला. शब्द शेकड्यांनी. त्यात मधे जोडरेघ असलेले शब्द. सीमध्ये जोडरेघ म्हणजे वजाबाकी, म्हणून माझा एडिटर तिथे शब्द तोडायचा. STUDENT-COUNT असं कुणी एखाद्या नावासाठी लिहिलं की STUDENT पांढरा आणि COUNT लालभडक, कारण COUNT हा कोबोलचा स्वतःचा शब्द. आणि कमेंट ओळखायची तर ओळीतल्या सातव्या जागेवर चांदणीची खूण आहे का ते बघायचं. आठव्या जागेवर असेल तर ती कमेंट नाही. असा नियम ज्याने केला त्याला मी त्या महिन्यात रोज मनातल्या मनात शिव्या घातल्या.

कल्याणला कोबोल शिकवणारे सर साठीच्या घरातले होते. भोकं पाडून माहिती भरायच्या त्या पंच कार्डांच्या काळापासून या कामात मुरलेले, ठाण्याच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले. शुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं छापल्यासारखं शुद्ध. नव्या एडिटरची फ्लॉपी त्यांच्याकडे गेली आणि तीन दिवसांत त्यांची चिठ्ठी आली. 'कमेंट आणि प्रोग्रॅम यांत फरक दिसत नाही. कृपया दुरुस्ती करावी.'

मी तपासलं. माझ्याकडे फरक चांगला दिसत होता. शोधता शोधता सापडलं की एकदम काही जागा पुढे जायला कुणी टॅब दाबला तर माझी मोजणी चुकते आणि सातवी जागा भलतीकडेच धरली जाते. ते दुरुस्त करून फ्लॉपी पाठवली. पुन्हा चिठ्ठी आली, शब्द तेच. मी मोजणी अख्खी नव्याने लिहिली. पुन्हा तीच चिठ्ठी, फक्त 'कृपया' गळालं होतं. साहेब फोनवर म्हणाले, सर चाळीस वर्षं यात आहेत, ते म्हणतात तर काहीतरी असणारच. मी म्हणाले की माझ्याकडे व्यवस्थित चालतंय. ते म्हणाले, सगळे प्रोग्रॅमर हेच म्हणतात.

शेवटी एका दुपारी बस पकडून मी स्वतः कल्याणला गेले. बॅच सुटली होती, वर्गात सर एकटेच. मी त्यांच्या मशीनवर त्यांचाच प्रोग्रॅम उघडला. सगळं जागच्या जागी होतं. शब्द लाल, कमेंट हिरव्या, एकही चूक नाही. मी म्हणाले, सर, चालतंय की. ते म्हणाले, नाही चालत. मी एका ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. ते दर वेळी मान हलवून नाही म्हणत राहिले. दीड महिन्याची चिडचिड बाहेर पडली.

"सर, एवढी ढळढळीत हिरवी ओळ आहे. तुम्हाला दिसत नाही का?"

बोलले आणि लगेच वाटलं, वडिलांच्या वयाच्या माणसाशी हे काय बोलण्याची रीत झाली. सर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पण परत घातला नाही.

"नाही दिसत," ते म्हणाले. "मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. लहानपणापासून."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. विशीत असताना रेल्वेच्या नोकरीची लेखी परीक्षा ते पास झाले होते. घरात पेढे वाटून झाले. मग डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्यांची चित्रं समोर ठेवली आणि त्यांना त्यातला एकही आकडा वाचता आला नाही. घरी त्यांनी सांगितलं की जागा कमी निघाल्या. पुढे कार्डांच्या कामाला लागले. कार्डावर भोक असतं किंवा नसतं, मग पडदे आले तेही एकरंगी, त्यामुळे चाळीस वर्षं कुणाला कळायचं कारणच पडलं नाही. पत्नीलाही सांगितलेलं नव्हतं.

"हे साहेबांना सांगू नका," ते म्हणाले. "या वयात शिकवणी गेली तर दुसरीकडे कुठे जाऊ?"

मी हो म्हणाले. परत येताना बसमध्ये मला स्वतःचा राग येत होता आणि त्यांचाही. एक ओळ जास्त लिहिली असती चिठ्ठीत, तर माझा दीड महिना वाचला असता. आणि ती ओळ त्यांनी का लिहिली नाही हे आता कळत होतं, म्हणून राग नीट करताही येत नव्हता.

साहेबांना मी खोटं सांगितलं की कल्याणच्या मॉनिटरवर हिरवा फिका येतो, रंग बदलायला हवेत. ते भडकले. क्लासच्या माहितीपत्रकावर लाल-हिरव्या पडद्याचा फोटो छापून झाला होता. सुरुवातीलाच मॉनिटर बघून काम करायला काय झालं होतं, म्हणाले. मी ऐकून घेतलं. मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. सगळे शब्द, नियम आणि रंग एडिटरच्या पोटातून काढले आणि दर भाषेची एक वेगळी साधी फाइल केली. फाइल बदलली की रंग बदलले, एडिटरला हात लावायची गरज नाही. नवी भाषा हवी तर नवी फाइल. तीन आठवडे लागले.

सरांनी त्यांच्या फाइलमध्ये शब्द निळे केले आणि कमेंट पिवळ्या. फोनवर म्हणाले, "आता दिसतं." आभार वगैरे काही नाही. कल्याणच्या मुलांना ते रंग इतके आवडले की ठाण्याच्या बॅचनेही मागितले आणि साहेब सगळ्यांना सांगत सुटले की पिवळ्याची कल्पना आपलीच.

पुढे फोरट्रानची फाइल सरांनी कुणी न सांगता स्वतःच लिहून पाठवली. मला बरं वाटलं, एका भाषेचा तरी भार माझ्या डोक्यावरून उतरला. तपासताना दिसलं की भाषेच्या ठरलेल्या शब्दांच्या यादीवर मी दर फाइलमध्ये घातलेला 'राखीव शब्द' हा मथळा पुसून त्यांनी दुसरंच काही लिहिलं होतं. मी फोन केला, तर वीस मिनिटं मला ऐकवत राहिले की फोरट्रानमध्ये राखीव शब्द मुळी नसतातच, कुठलाही शब्द नाव म्हणून वापरता येतो, माझा मथळाच चुकीचा आहे. मी वाद घातला, फोन ठेवला आणि पुस्तक काढून बघितलं. त्यांचंच बरोबर होतं.