काहिलीला आधण येईना

आधीच सांगते, चमत्कारांवर माझा काडीचाही विश्वास नाही. भुताखेतांच्या नाही आणि बायबलातल्याही नाही. या वयात चर्चच्या मंडळीतून कुणी काढलं तरी आता काय फरक पडतो? सगळी नोकरी दवाखान्यात सिरिंजा उकळण्यात गेली. पाणी का उकळतं हे मला कुणी शिकवू नये. आणि तरीही...

शेवगाव तालुका, दुसरी मोठी लढाई चालू होती ती वर्षं. पावसानं तोंड फिरवलेलं. आमची ख्रिस्ती वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आणि तिच्यासमोर मिशनचं कंपाउंड. कुठलं मिशन ते विचारू नका. तिथं मक्याच्या भरड्याची लापशी मिळायची. ऊसच नव्हता, म्हणून एका बागायतदाराची गुळाची काहील, रस आटवायची भली मोठी कढई, रिकामी पडली होती, ती मागून आणलेली. मी तेव्हा मिशनच्याच दवाखान्यात नर्सिंग शिकत होते. दवाखान्याच्या मडमेनं मला काहिलीवर लावलं होतं.

लापशी फुकट, पण आधी प्रार्थना. उपाशी माणसांना उन्हात डोळे मिटून बसवायचं, याला म्हणे सेवा! एक गोष्ट मात्र आमच्या बायकांची स्वतःची होती — देवाचा पसा. मिशनकडून जे कोरडं धान्य मिळायचं, त्यातलं पसाभर प्रत्येक बाई घरून आणायची आणि आधण ठेवलं की काहिलीत टाकायची. आपला पसा पडला की ती लापशी भीक राहत नाही, असं आई सांगायची.

माझी थोरली बहीण रूथ, आमची अक्का, विधवा होती. तिचा एकुलता एक मनू गोवरानं अंथरुणाला खिळलेला. तिनं त्याच्या गळ्यात गावदेवी मरीआईचा दोरा बांधला, आणि तो नेमका आमच्या चर्चच्या पाळकांच्या नजरेस पडला. दुसऱ्या दिवशी तिनं पसा पुढे केला, तसा त्यांनी तिचा हात धरला.

“आधी दोरा तोड.”

“पोर उठू द्या साहेब. माझ्या हातानं तोडीते.”

“सैतानाचा पसा देवाच्या अन्नात पडणार नाही.” त्यांनी हात झटकला. दाणे धुळीत सांडले. तिचं कोरडं धान्यही त्यांनी तिथल्या तिथे बंद केलं. सगळी वस्ती खाली मान घालून बसली होती.

मी मध्ये बोलले. पाळक म्हणाले, “सुशीला, तुझी नर्सिंगची शिफारस माझ्या हातात आहे.”

“राहू द्या तुमच्याच हातात,” मी म्हटलं.

तेवढ्यात मडम ओरडली, आधण आलं का बघ.

आलं नव्हतं. लाकडं धडाडून पेटलेली, काहिलीचा काठ हाताला पोळत होता, आणि पाणी गार! मी कोपरापर्यंत हात घालून पाहिला. मडमेनं थर्मामीटर बुडवला, झटकला, पुन्हा बुडवला. मग लाकडांना नावं ठेवली, मग मला. लोकांनी कच्चा भरडा भिजवून खाल्ला आणि पोटं धरून बसले. दुसऱ्या दिवशी पाणी बदललं, लाकडं बदलली... तेच. कुणी म्हणालं, घरोघरी पातेल्यात शिजवू. पण पाळक हट्टाला पेटलेले. ही देवाची परीक्षा आहे, शिजेल तर याच काहिलीत!

मग वस्तीला कंठ फुटला. “रूथीनंच कायतरी केलंय!” “चेटकीन हाय ती!” अक्काचे दाणे सांडले तेव्हा हीच तोंडं शिवलेली होती.

मी माझ्या वाट्याचा भरडा तिच्या घरी नेला. तिच्या चुलीवर पाणी मुकाट उकळलं. पण मनूच्या पोटात पेजसुद्धा ठरेना.

“अक्का, दवाखान्यात नेऊ.”

“गेल्ते. मडम म्हनली, दोरा तोड.”

“मग तोड ना, बाई!”

“तोडला, सुशे. तरी म्हनली पाळकाला इचारून ये. पाळक प्रार्थनेला बसल्यात. काहिलीसाठी.”

सकाळी मनू गेला. ख्रिस्ती स्मशानाचं फाटक कुणी उघडून दिलं नाही. आम्ही दोघींनीच त्याला ओढ्याकाठी पुरलं.

परत आलो तर दारात घोळका, पुढे पाळक. मनू गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं. “रूथबाई, झालं गेलं विसरा. आपला पसा घेऊन या. लेकरं उपाशी आहेत.”

अक्का शांतपणे म्हणाली, “व्हय. आनते की.”

ती आल्या वाटेनं ओढ्याकडे गेली आणि तशीच कंपाउंडात आली. लाकडं फुकट जातात म्हणून मडमेनं जाळ विझवला होता. काहिलीखाली नुसती राख. अक्कानं मूठ उघडली. ओली माती होती.

“ह्यो घ्या. माझ्या मनूचा पसा.”

माती पडली आणि पाणी खळखळून उसळलं. विझलेल्या चुलीवर, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. पाळकांच्या बुटांवर थेंब उडाले, ते मागे सरले. मग सावरून त्यांनी हात वर केले आणि देवाचे आभार मानले!

लोकांनी त्याच पाण्यात भरडा ओतला. लापशी शिजली, सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली, पोटात आग पडली होती. दाताखाली माती कचकचत होती आणि कुणी वर पाहत नव्हतं. अक्का एकटी उभी राहून एकेकाचं तोंड बघत होती.

रविवारी उपदेशात पाळकांनी सांगितलं की त्यांच्या प्रार्थनेनं काहील उकळली. मला अजून संताप येतो.

पुढे मी डॉक्टरांना विचारलं, एका प्रोफेसरांनाही विचारलं. ते म्हणाले, भुकेनं भ्रम होतो. मला झाला असेल. थर्मामीटरलाही झाला होता का? अक्का पुष्कळ जगली. चर्चची पायरी मात्र पुन्हा चढली नाही. तिला मी एकदाच विचारलं होतं, “अक्का, तू त्या दिवशी केलंस तरी काय?”

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “म्या काय केलं? त्यांनी मागितला, म्या दिला.”