पाहुण्यांच्या खोलीतला तांदूळ

२००३ साली सार्सची साथ आमच्या घरात आली ती टीव्हीतून. टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडमध्ये कुणी साधं शिंकलंही नव्हतं, पण माझ्या नवऱ्याने इंडियन स्टोअर अर्धं उचलून घरी आणलं. एरवी हा माणूस सेल लागल्याशिवाय साबण घेत नसे. आता मित्राने तांदळाची दोन पोती घेतली म्हटलं की याची तीन. शिवाय रवा, पोहे, तूरडाळ, आणि आम्ही दोघंही ज्याला हात लावत नाही ते कुळीथ.

"संपलं तर?" एवढंच त्याचं उत्तर. कुळीथ संपले असते तर आमचं काय अडलं असतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

ज्या चिनी दुकानातून आम्ही नेहमी भेंडी आणि आलं आणायचो, तिथे जाणं मात्र बंद. तिथली बाई आमच्या आधीपासून टेक्सासमध्ये राहत होती. तसं म्हटलं की हा म्हणायचा, "रिस्क कशाला घ्यायची?" मग तीच भेंडी लांबून, महाग आणि निबर यायची.

मला नववा लागला होता. आई बाळंतपणासाठी पुण्याहून येणार होती, तीही सिंगापूरमार्गे. तो म्हणाला, तिकीट कॅन्सल करू. मी इतकी रडले, की त्याने तोडगा काढला: आईंनी आल्यावर आठ-दहा दिवस वरच्या पाहुण्यांच्या खोलीत वेगळं राहायचं, ताट दाराशी ठेवायचं. माझं डोकंच फिरलं. आई फोनवर एवढंच म्हणाली, "राहीन गं. मला येऊ तर दे."

ती आली. मला बघून तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. नवरा मास्क लावून तिची बॅग वर घेऊन गेला आणि तिथेच थांबला. मी कितीतरी दिवसांत जिना चढले नव्हते, त्यामुळे सगळा साठा त्याने तिथेच रचलाय याचा मला पत्ता नव्हता. पलंगावर, पलंगाखाली, बाथरूमच्या दारापर्यंत पोतीच पोती.

"आई, मी हे गराजमध्ये शिफ्ट करतो," तो म्हणाला.

"अहो, या उकाड्यात आठवड्यात सोंडे होतील," आई जिन्यातून म्हणाली. "एवढं अन्न टाकायचं का?"

तो पोत्यांकडे बघत उभा राहिला. साथीची भीती होतीच, पण तांदूळ वाया घालवणं त्याच्याने होईना. त्याचं ठरेपर्यंत आई खालच्या बाथरूममध्ये अंघोळ करून आली, माझ्या सुजलेल्या पायांशी बसली आणि तेल चोळायला लागली.

"मास्क तरी लाव," तो वरून मला म्हणाला.

मी लावला नाही. मला आईचा वास हवा होता.