शमीमचं रक्त, त्यांचं संशोधन

अमरावतीच्या राजापेठेत भाजी घेत असताना शमीमच्या भाचीचा, रुक्सारचा फोन आला. "मावशी, खाला गेली," एवढंच बोलली ती... खाला म्हणजे तिची मावशी, शमीम. दुसऱ्या दिवशी एका संशोधन संस्थेचा संदेश आला: आमच्या प्रकल्पाने एक सहकारी गमावली. वाचून अंगाची लाही लाही झाली. महिना उलटला, राग तसाच आहे.

माझी मैत्रीण शमीम परतवाड्यात गाद्या-रजयांचं दुकान चालवायची. आई आणि मावशी, दोघी स्तनाच्या कर्करोगानं गेलेल्या. कापसानं शेतकऱ्याला बुडवलं त्या वर्षांत वऱ्हाडात चौकशी करणाऱ्यांची रीघ लागली होती. येत, विचारत, निघून जात. त्यांच्यातच हे संस्थावाले आले. हजारो माणसांची जनुकं वाचली की ज्याला जे लागू पडेल तेच औषध देता येईल, असं म्हणाले. शमीमला ते मनापासून पटलं. सुईला घाबरणाऱ्या नातेवाइकांना तिनंच समजावून बसवलं. रक्त गेलं, उत्तर आलं नाही. फोन केला की सांगत, आम्ही एकेकाला अहवाल देत नाही.

मग तिलाच गाठ निघाली, तीही कर्करोग पसरल्यावर कळली. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, रक्तातला आनुवंशिक दोष आधी कळता तर नियमित तपासणीत गाठ लहान असतानाच सापडली असती. दोष संस्थेला दिसला होता. कळवणं नियमात बसत नव्हतं.

अकोल्यात त्यांचा समारंभ झाला. केस गेलेल्या डोक्यावर ओढणी घेऊन शमीम माझ्यासोबत आली. संस्थेचे प्रमुख वऱ्हाडच्या योगदानावर बोलत असताना ती उभी राहिली. "माह्या रक्तातलं तुमाले समजलं, मंग मले काहून नाई सांगितलं?" त्यांनी शांतपणे नियम सांगितला. "नियम तुमीच केला नं? मंग बदला. माह्या भाचीले तरी सांगा." होकार मिळेपर्यंत ती बसली नाही. त्यांनी अपवाद केला, फक्त तिच्या घरापुरता. मेळघाटातून ज्यांचं रक्त नेलं, त्यांना अजून काही कळवलेलं नाही. माझ्याकडून त्यांना माफी नाही.

रुक्सारमध्येही तोच दोष निघाला. परवा दुकानात गेले. शमीमच्या जागेवर बसून ती रजई टाचत होती, खालासारखीच, दोरा दातानं तोडत. डॉक्टर म्हणतात, गाठ होण्याआधीच शस्त्रक्रियेनं स्तन काढून टाकता येतील. तिचं लग्न अजून ठरायचं आहे.

"कळलं नसतं तं बरं झालं असतं का?" मी विचारलं.

तिनं टाका पुरा केला. "झोप नाई लागत, मावशी," ती म्हणाली. "पन आता काय करायचं ते मी ठरवीन."