पत्रिकांचा बंगला

आयुष्यात मी एकदाच न बोलावता लग्नाला गेलो, आणि तिथं मला फेटा बांधला गेला.

त्याचं असं झालं. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं लोकांच्या हजेऱ्या मांडून मी रिटायर झालो. वर्षभरात सुमन, माझी बायको, गेली, आणि पुणतांब्याच्या घरात हजेरीला मी एकटाच उरलो. दिवस दिवस बोलायला माणूस नाही. (कुकरशी बोलायचो. तोही तीन शिट्ट्यांनंतर गप्प.) पुण्याहून लेक मंजिरी फोनवर म्हणाली, "बाबा, कागदाची घरं करा. मी नकाशे पाठवते. कापायचं, घडी घालायची, चिकटवायचं. लहान पोरंसुद्धा करतात!"

करत असतील! माझा पहिला बंगला झेरॉक्सच्या कागदाचा होता. पंखा लावला आणि बंगला मोरीत! दुसऱ्याला कणकेची खळ करून लावली, तर तो भिजून गुडघ्यावर बसला.

"बाबा, जाड कागद घ्या ना!"

जाड कागद तर घरातच होता. खिळ्याला तारेत ओवलेल्या लग्नपत्रिका, एकेक पापडासारखी कडक! मी वरच्या सात-आठ काढल्या, कोरी बाजू बाहेर, छापील आत, आणि आठ दिवसांत असा बंगला उभा केला की बघत राहावं. मंजिरीला फोटो पाठवला. तिनं पाच टाळ्या पाठवल्या.

आता इथं सुमनचा एक नियम सांगायला हवा. लग्न लागेपर्यंत पत्रिका देवघरात गणपतीपाशी, लागलं की तारेत. तो नियम तिच्याबरोबरच गेला. मी आली पत्रिका की थेट तारेत ओवायचो.

आणि नेमकी त्याच महिन्यात बापूरावची पत्रिका आली होती. बापूराव म्हणजे कारखान्यातला माझा जोडीदार, तीस वर्षं माझ्या डब्यात जेवलेला. श्रीरामपूरकडून गाडी काढून खास आला. सहा महिन्यांत माझ्या फळीवरचा दुसरा कप पहिल्यांदा खाली उतरला. "अण्णा, छकुलीचं लगीन. वीस तारखेचा रविवार. कुठं, कवा, समदं पत्रिकंत हाय. तुमी आल्याबिगर अक्षता पडू देनार न्हाई!"

कुणीतरी आपल्यासाठी थांबणार, या आनंदात मी चार दिवस आधीच सदऱ्याला इस्त्री केली. शनिवारी दुपारी पत्रिका बघायला जुन्या सवयीनं देवघरात गेलो. नाही. तारेत बघितलं. नाही. मग हळूहळू मान बंगल्याकडे वळली.

फोन करावा, तर माझ्याकडचा त्याचा नंबर बंद पडलेला. नवा पत्रिकेवर होता, आणि बरोबर तिथंच मी दार कापलं होतं! बंगला फोडायला हात होईना. शेवटी जमिनीवर पालथा पडलो, बॅटरी लावली आणि स्वतःच बांधलेल्या घराच्या खिडकीला डोळा लावला.

शेजारच्या ताराबाई दारातून म्हणाल्या, "अण्णा, काय हरवलं?"

"लग्न!"

"अगं बया! या वयात?" म्हणाल्या आणि गेल्या.

एका भिंतीवर 'दुपारी १२ वा. ३५ मि.' सापडलं. दुसरीवर '...ई मंगल कार्यालय, नेवासा रोड'. दोन्ही भिंती एकाच लग्नाच्या आहेत का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

रविवारी बाराला हजर! फाटकावरच "या या, पाव्हणं!" म्हणून फेटा बांधला. फलकावर नवरीचं नाव ऋतुजा. म्हटलं, छकुलीचं खरं नाव असेल. माईकवरून पुकारा झाला, "पुणतांब्याहून आलेल्या अण्णासाहेबांचं स्वागत!" (नाव मीच सांगितलं होतं.) एका आजोबांनी मला मिठीच मारली. "लई वर्सांनी!" मीही म्हणालो, "लई!" पंगतीत बुंदीचा आग्रह झाला, "काका, घ्या ना" झालं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. इतकी माणसं एका दिवसात माझ्याशी सुमन गेली तेव्हाच बोलली होती.

हात धुऊन नवरीच्या बापाला विचारलं, "बापूराव दिसत नाहीत?"

"कोन बापूराव?"

मी मागे वळून फलकावरचं 'ऋतुजा' पुन्हा एकदा वाचलं.

"पाव्हणं, तुमी मग कुनाकडचे?"

"मी... बंगल्याकडचा," म्हणालो आणि फेट्यासकट एसटी गाठली.

सोमवारी सकाळीच बापूराव दारात. चहा नाही, पाणी नाही. "धा मिन्टं अक्षता थांबवल्या! भटजी म्हने, मुहूर्त चालला. म्या म्हनलं, अण्णा येनार! तीस वर्सं माझा लेटमार्क लावला, आन सवता गैरहजर?"

मी बंगला त्याच्यापुढे सरकवला आणि बॅटरी दिली. तो पालथा पडला. एकेक खिडकी उजेड टाकून तपासली.

"आयला, अण्णा! माझं नाव जिन्याखाली घातलं व्हय!"

आणि असा हसला, की त्याला उठवायला मला हात द्यावा लागला. उठून त्यानं घरभर नजर फिरवली, फळीवरचा उपडा कप बघितला. "लई एकलं पडलाय का वो तुमी?"

"होय," मी म्हणालो. त्या घरात हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

तेव्हापासून तो दर रविवारी येतो, नि खळ तोच ढवळतो. परवा धाकटीच्या लग्नाच्या दोन पत्रिका घेऊन आला. "अण्णा, ही वाचायची. आन ही कापायची!"

वाचायची मी सुमनच्या नियमानं गणपतीपाशी ठेवली. पण काल कापायची संपली आणि गच्चीला चार बोटं कागद कमी पडला. देवघराकडे दोनदा बघितलं. शेवटी तारीख, वेळ, ठिकाण, नंबर, सगळं शहाण्यासारखं तळहातावर लिहून घेतलं आणि कात्री उचलली. गच्ची झकास झाली. मग हाताला लागलेली खळ साबण लावून स्वच्छ धुऊन टाकली.