स्टॉपवॉचवाल्याची ताई

आमच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे 'स्टॉपवॉच' म्हणायचे. उदासीवरची नवी औषधं आधी उंदरांना दिली जायची, आणि ते उंदीर बघायचं काम गेली एकोणीस वर्षं त्याचं. पाणी भरलेल्या काचेच्या नळकांड्यात उंदीर सोडायचा आणि सहा मिनिटं बघत बसायचं. हातपाय मारतोय तोवर ठीक. नुसता तरंगायला लागला, म्हणजे त्याने हार मानली, की याने बटण दाबलंच. इतकं अचूक मोजणारा दुसरा कोणी नाही, हे तो स्वतःच दिवसातून दोनदा सांगायचा.

दुसरी चाचणी त्याला आवडत नसे. पिंजऱ्याला दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, एकीत साखरेचं. कुठलं किती संपलं ते दुसऱ्या दिवशी बघायचं. उदास, गोडाची ओढ गेलेला उंदीर दोन्ही सारखंच पितो. ही काय पाणी भरायची कामं, म्हणून तो नाक मुरडायचा. नुसती धावपळ वाढवणारं औषध दिलं तरी उंदीर जास्त पोहतो, उदासी तशीच असली तरी, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं. त्याने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

घरी तो आणि त्याला लहानाचं मोठं केलेली थोरली बहीण. ताई हल्ली बोलत नाहीत, डॉक्टरांना दाखवा, असं शेजारीण म्हणाली. ते त्याने आम्हाला हसत सांगितलं. दिवसभर फरशी पुसते, लावलेली कपाटं पुन्हा लावते, तिला काय धाड भरलीय?

"म्हणजे ताई अजून पोहतायत," मी म्हणालो. सगळे खिदळले.

परवा ताईला ताप होता म्हणून चहा याने केला. पहिल्याच घोटाला त्याचं तोंड वाकडं झालं. ताईचा कप तोवर रिकामा.

"ताई, साखर घालायची राहिली की यात."

"हो का? मला सगळं सारखंच लागतं रे."

"कधीपासून?"

तिने आठवून पाहिलं. "तुझ्या बढतीचा केक आणलास ना, तेव्हापासून."

बढतीला आठ महिने झाले. त्या दिवशी तिने आपला तुकडा त्याच्यापुढे सरकवला होता, आणि याने तो बोटं चाटत संपवला होता.

"उंदराचं मला एका दिवसात कळतं," आम्हाला सांगताना त्याची मान वर होईना. "लाज वाटते."

अर्धी रजा टाकून तो ताईला डॉक्टरकडे घेऊन गेला. जाताना स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. दुपारभर मी पोहणारे उंदीर मोजले. लाज मलाही वाटत होती, पण तो समोर असताना ते मला सांगता आलं नाही.